बाळसें आणि लठ्ठपणा

मराठी भाषेंत ‘बाळसें’ हा एक मोठा गोड शब्द आहे. त्यांत गालांची गोलाई आहे, मनगटावरच्या वळ्या आहेत, मांडीच्या घड्या आहेत आणि या सर्वांकडे पाहणाऱ्या आजीच्या डोळ्यांतलें समाधानहि आहे. बाळानें बाळसें धरलें म्हणजे आईच्या दुधाला यश आलें, घरांत कांहीं कमी नाहीं आणि मूल आतां जगणार, असा तिहेरी निर्वाळा मिळाला असें मागील पिढ्या मानीत. ज्या काळीं देवी, पटकी आणि हगवण यांनीं घरोघरचीं मुलें दगावत, त्या काळीं अंगावर थोडी चरबी असलेलें मूल दुखण्यांत टिकाव धरी, हें त्या पिढ्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें होतें. तेव्हां त्यांचें चुकत होतें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ही भीति ज्या परिस्थितींत जन्मली ती परिस्थिति शहरांतील सुशिक्षित घरांतून पुष्कळशी निघून गेली. भीति मात्र स्वयंपाकघरांत तशीच राहिली. परिणाम असा कीं, बाळसें कोठें संपतें आणि लठ्ठपणा कोठें सुरू होतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीतच नाहीं. आणि विचारला तरी त्याचें उत्तर नुसत्या डोळ्यांनीं देण्याचा प्रयत्न होतो.

बाळसें हें निसर्गानें मुद्दाम केलेलें काम आहे. मनुष्याचें मूल जन्मतः इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पिल्लांपेक्षां अधिक मेद घेऊन येतें आणि पहिल्या कांहीं महिन्यांत त्यांत झपाट्यानें भर घालतें. मेंदूची वाढ जोरांत चालू असते, दुधावरून अन्नावर येण्याचा अवघड काळ पुढें असतो. त्या प्रवासाची ही शिदोरी होय. पहिल्या वर्षाच्या मध्याच्या सुमारास ही गोलाई परमावधीला पोंचते. मग मूल चालूं लागतें, धांवूं लागतें, उंच होऊं लागतें, तशी ती ओसरत जाते. पांच-सहा वर्षांचें निरोगी मूल हें साऱ्या बालपणांतलें सर्वांत सडपातळ मूल असतें. त्याच्या बरगड्या थोड्या दिसतात, हातपाय काटकुळे वाटतात, गाल बसतात. नेमकी याच वयांत घरोघर हाकाटी सुरू होते कीं, ‘मूल वाळलें!’ मग दुधांत चॉकलेटची गोड पूड पडूं लागते, भातावरची तुपाची धार लांबते, आणि गोष्ट सांगत, खिडकींतला काऊ दाखवीत, अलीकडे तर हातांत मोबाइल देऊन, एकेक घास भरविला जातो. वस्तुतः मूल वाळलेलें नसतें. तें वयाच्या वेळापत्रकाप्रमाणें बरोबर चाललेलें असतें.

सडपातळपणाच्या या तळापासून मुलाचें अंग पुन्हां हळूहळू भरूं लागतें. १९८४ सालीं फ्रेंच संशोधिका रोलां-काशेरा व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखवून दिलें कीं, ज्या मुलांत हा चढ लवकर, म्हणजे साडेपांच वर्षांच्या आधींच, सुरू होतो, त्यांच्या अंगीं पुढें अधिक मेद सांचण्याचा संभव असतो. यांतून व्यवहाराची एक गोष्ट निघते. तीन-चार वर्षांच्या वयांत मूल सडपातळ न होतां उलट गोल होत चाललें असेल, तर त्याचें बाळसें टिकलें असें म्हणून आनंद मानण्याचें कारण नाहीं. तें बाळसें नव्हेच.

दुर्दैवानें पालकांचा डोळा येथें साक्षीला फारसा उपयोगी पडत नाहीं. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून पाहिल्या असतां असें आढळलें कीं, ज्यांचें मूल प्रमाणाबाहेर जड आहे अशा पालकांपैकीं सुमारें निम्म्यांना तें तसें वाटत नाहीं. हें मायेमुळें होतें हें खरें, पण केवळ मायेमुळें नव्हे. डोळा तुलना करतो, मोजमाप करीत नाहीं. वर्गांतलीं, शेजारचीं, नात्यांतलीं मुलें जसजशीं जाड होत जातात, तसतशी ‘मध्यम अंगाचा’ या शब्दांची व्याख्याच सरकत जाते, आणि खरोखर मध्यम अंगाचें मूल त्या मेळाव्यांत हडकुळें दिसूं लागतें. सुदृढ बालकांच्या स्पर्धांत बक्षिसाची माळ बहुधा सर्वांत गुटगुटीत बालकाच्या गळ्यांत पडे, तीहि याच डोळ्याच्या हुकुमानें.

डोळा नको तर काटा घ्यावा, हें ओघानेंच आलें. पण काटाहि एकटा पुरत नाहीं. एका वर्गांत दहा वर्षांचे दोन मुलगे आहेत अशी कल्पना करावी. दोघांचेंहि वजन ३६ किलो. काट्यापुरतें पाहिलें तर दोघांत कांहीं फरक नाहीं. परंतु एकाची उंची १५० सेंटिमीटर आहे व दुसऱ्याची १२८. पहिला ताडमाड वाढलेला सडपातळ मुलगा. दुसरा ठेंगणा आणि चांगलाच गोल. तेव्हां वजनाला अर्थ येतो तो उंचीच्या संगतींत.

ही संगति गणितांत बसविण्याचा मान अ‍ॅडॉल्फ केटले या बेल्जियन गृहस्थाकडे जातो, आणि मौज अशी कीं, त्याला लठ्ठपणाशीं कांहींएक कर्तव्य नव्हतें. तो ज्योतिर्विद होता, ब्रुसेल्सच्या वेधशाळेचा संचालक होता. ताऱ्यांचे वेध घेतांना ज्या गणितानें सरासरी काढतात, त्याच गणितानें माणसांची सरासरी काढून ‘सामान्य मनुष्य’ कसा असतो तें शोधावें, हा त्याचा ध्यास. एखादा दगडी ठोकळा लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाजूंनीं दुप्पट केला तर त्याचें वजन आठपट होईल, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. पण मनुष्य ठोकळ्यासारखा वाढत नाहीं; तो उंचीच्या मानानें रुंद कमी होतो. १८३०-४० च्या दशकांत केटलेनें अनेक माणसांचीं मापें घेऊन असें मांडलें कीं, मोठ्या माणसांचें वजन उंचीच्या घनाच्या नव्हे तर वर्गाच्या प्रमाणांत असतें. म्हणून किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें. या भागाकाराला १९७२ सालीं अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनीं ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें, आणि डॉक्टरांच्या तोंडीं असलेला ‘बी. एम. आय.’ तो हाच.

वरील दोन मुलांचा हिशेब करून पाहावा. पहिल्याची उंची दीड मीटर. तिचा वर्ग २.२५, ३६ ला २.२५ नें भागलें म्हणजे १६ येतात. दुसऱ्याची उंची १.२८ मीटर, तिचा वर्ग सुमारें १.६४; भागाकार जवळजवळ २२. आतां येथें एक खड्डा आहे, आणि शिकलेले पालकच त्यांत अधिक पडतात. मोठ्या माणसांसाठीं २५ च्या पुढें वजन अधिक आणि ३० च्या पुढें लठ्ठपणा असा जागतिक दंडक आहे, हें त्यांनीं कोठेंतरी वाचलेलें असतें. मुलाचा अंक २२ आला म्हणजे ते निश्चिंत होतात. परंतु मोठ्यांचा दंडक मुलांना लावतां येत नाहीं. कारण हा अंक वयाबरोबर बदलत असतो. जन्माच्या वेळीं तो साधारण १३, सहा महिन्यांच्या सुमारास १७, पांचव्या वर्षीं १५ आणि पुढें चढत चढत एकोणिसाव्या वर्षीं मुलांत २२ च्या आसपास येतो. म्हणजे जो अंक एकोणीस वर्षांच्या तरुणाला अगदीं योग्य, तोच दहा वर्षांच्या मुलाला फार जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकाप्रमाणें दहा वर्षांच्या मुलग्याचा मधला अंक १६.४ आहे, १८.५ च्या पुढें अधिक वजन आणि २१.४ च्या पुढें लठ्ठपणा समजला जातो. यावरून पहिला मुलगा बरोबर मध्यावर आणि दुसरा लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे आहे हें उघड होईल. मुलींचें कोष्टक वेगळें असतें.

हीं कोष्टकें कशीं तयार होतात, हेंहि थोडक्यांत पाहिलें पाहिजे. पांच वर्षांखालील मुलांसाठीं संघटनेनें २००६ सालीं जें मानक प्रसिद्ध केलें, त्यासाठीं ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुस्थितींत वाढणाऱ्या, आईच्या दुधावर पोसलेल्या मुलांचीं मापें घेण्यांत आलीं. आपल्या देशांतील केंद्र दिल्लीस होतें. चांगलें पोषण मिळालें तर निरनिराळ्या खंडांतील मुलेंहि लहानपणीं पुष्कळशीं सारखींच वाढतात, असें त्यांतून निष्पन्न झालें. पांच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठीं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१५ सालीं सुधारलेले आलेख प्रसिद्ध केले. या कामांत पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर प्रमुख होते. त्या आलेखांत एक विशेष आहे. अधिक वजनाची व लठ्ठपणाची रेषा आखतांना मोठेपणींच्या २५ व ३० या आंकड्यांऐवजीं २३ व २७ हे आंकडे धरून त्या रेषा बालवयांत मागें आणल्या आहेत. भारतीय मुलांसाठीं फास असा आवळण्याचें कारण काय, हें पुढें येईल.

मापें घेण्याची रीत क्षुल्लक वाटते, पण सारा हिशेब तिच्यावर उभा आहे. शाळेंत उंची घेतांना कधीं कधीं मुलांचे बूट पायांतच राहतात. त्या दुसऱ्या मुलाची उंची बुटांमुळें दोन सेंटिमीटर वाढून १३० भरली, तर त्याचा अंक २१.३ होतो आणि तो कागदावर लठ्ठपणाच्या रेषेखालीं सटकतो! म्हणून पायांत कांहीं नसावें. टांचा, पाठ व डोकें भिंतीला लागावें. नजर सरळ समोर असावी. आणि डोक्यावर पट्टी तिरकी न धरतां एखादें जाड पुस्तक भिंतीशीं काटकोनांत टेकवून त्याच्या खालच्या कडेशीं खूण करावी. मुलीची वेणी वा अंबाडा मोकळा करावा. वजन सकाळीं, हलक्या कपड्यांत, दर खेपेस त्याच काट्यावर घ्यावें. दोन वर्षांखालील मुलाला उभें न करतां निजवून मोजतात. आणि एका मापावरून कांहींच ठरवूं नये. तीन-चार महिन्यांच्या अंतरानें घेतलेले ठिपके आलेखावर मांडले म्हणजे मूल आपल्या रेषेनें चाललें आहे कीं वरची रेष ओलांडूं लागलें आहे हें दिसतें. आणि हें चढणें हीच खरी सूचना असते.

याशिवाय घरांत करतां येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. पांच वर्षांवरील मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्यावा, तो मधोमध दुमडावा आणि त्या दुहेरी लांबीचा वेढा मुलाच्या कमरेभोंवतीं घालून पाहावा. टोकें जुळलीं तर ठीक. जुळलीं नाहींत, तर पोटावर प्रमाणाबाहेर मेद आहे असा संशय घ्यावा. १२८ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा घेर ६४ च्या आंत असावा, असा याचा अर्थ. या दोऱ्याला अंकगणित लागत नाहीं, आणि पोटाचा मेद हाच अधिक उपद्रवी असल्यामुळें त्याची साक्ष मोलाची असते.

येथपर्यंत वजन, उंची आणि घेर यांचा विचार झाला. परंतु अंगांत मेद किती आणि मांस किती, हें केटलेचा अंक सांगूं शकत नाहीं. आणि या उणीवेचें सर्वांत बोलकें उदाहरण पुण्याचेंच आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकांत दोन डॉक्टर मित्रांचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाहि अंक अगदीं एकच, २२.३. पण यंत्रानें शरीरांतील मेद मोजला तेव्हां युडकिन यांच्या शरीरांत तो शेंकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२ भरला. दिसण्यांत दोघेहि सडपातळच!

हा भेद मोठेपणीं खाण्यापिण्यानें निर्माण झाला कीं जन्मापासूनचा, असा प्रश्न साहजिकच येतो. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा दीर्घकाळ अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो होतें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील गोऱ्या बालकांचें ३.५ किलो. पुण्याकडील बालकांचें पोट लहान, दंड बारीक, म्हणजे मांस व इंद्रियें कमी. पण पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची कातडीची घडी चिमट्यांत धरून मोजली तर ती मात्र वजनाच्या मानानें फारशी कमी नव्हती. सर्व बाबतींत काटकसर झाली होती, मेदाची मात्र फारशी नाहीं. काटक्यासारख्या दिसणाऱ्या या बालकाला ‘कृश पण मेदयुक्त’ असें वर्णन लागू पडतें. भारतीय आलेखांतील रेषा खालीं ओढल्या आहेत त्या याच जातीच्या पुराव्यामुळें.

म्हणजे लठ्ठपणाच्या कारणांचा शोध पाळण्याच्याहि मागें जातो. याला युरोपांतला एक दुःखद पुरावा आहे. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मनांनीं केलेल्या कोंडीमुळें पश्चिम हॉलंडांत भीषण उपासमार झाली. त्या वेळीं गर्भांत असलेले मुलगे एकोणीस वर्षांचे होऊन लष्करी तपासणीला उभे राहिले, तेव्हां सुमारें तीन लाख तरुणांच्या नोंदी पाहण्यांत आल्या. हें संशोधन १९७६ सालीं प्रसिद्ध झालें. गर्भावस्थेच्या पूर्वार्धांत ज्यांच्या आईला उपास घडला होता, त्यांच्यांत लठ्ठपणाचें प्रमाण अधिक निघालें. अगदीं शेवटच्या महिन्यांत व जन्मानंतर लगेच उपास घडला होता त्यांच्यांत तें कमी. गर्भाला पहिल्या महिन्यांत टंचाईची वार्ता पोंचली तर शरीर जणूं सांठवणीचीच शिकवण घेतें, असा तर्क यावरून करण्यांत आला. पुण्याच्या अभ्यासांतहि असें दिसलें आहे कीं, गरोदरपणीं ज्या मातांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं इन्शुलिनचा असर मंद असण्याचें प्रमाण जास्त होतें. तेव्हां मुलाच्या लठ्ठपणाला त्याच्या खादाडपणाशिवाय दुसरें कारणच नसतें, हें मत टिकत नाहीं.

आनुवंशिकतेचा भाग तर याहूनहि स्पष्ट आहे. १९८६ सालीं डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या ५४० माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांची अंगकाठी वाढविणाऱ्या आईबापांशीं नव्हे तर जन्मदात्यांशीं जुळत होती. पुढें १९९४ सालीं अमेरिकेंत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेंत लेप्टिन नांवाच्या द्रव्याचा शोध लागला. मेदाच्या पेशी हें द्रव्य रक्तांत सोडतात आणि त्यामुळें सांठा पुरेसा आहे हें मेंदूला कळतें. १९९७ सालीं केंब्रिज येथील डॉक्टरांना एकाच घराण्यांतील दोन मुलें अशीं आढळलीं कीं, ज्यांच्या शरीरांत लेप्टिन तयारच होत नव्हतें. आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो, आणि दोन वर्षांच्या मुलाचें २९ किलो! भरल्या पोटींहि त्यांचा मेंदू दुष्काळच समजत होता. पुढें मुलीला लेप्टिन टोंचून देण्यास सुरुवात होतांच तिची भूक आटोक्यांत आली आणि वजन उतरूं लागलें. असा दोष अत्यंत विरळा. पण त्यानें एक गोष्ट कायमची सिद्ध केली: भूक हा स्वभावदोष नव्हे, ती रसायनांच्या हुकुमानें चालते, आणि हा हुकूम सर्वांना सारख्या जोरानें मिळत नाहीं.

मात्र आनुवंशिकतेच्या किंवा ‘ग्रंथीच्या’ आड लपण्याचीहि एक रीत सुशिक्षित घरांत पडली आहे. ‘याला थायरॉइड असेल’ हें वाक्य फार ऐकूं येतें. थायरॉइडची मंदता किंवा तत्सम विकार असेल तर मुलाची उंची खुंटते. साध्या लठ्ठपणांत मूल उलट आपल्या वयाच्या मानानें उंचच असतें. म्हणून जाड मूल ठेंगणें असेल, किंवा त्याची उंची वाढण्याची थांबली असेल, तर डॉक्टरांकडे विनाविलंब जावें. जाड व उंच मुलांत असा विकार क्वचितच निघतो. शिवाय एक साधा विचार आहे. पांच ते एकोणीस वर्षांच्या मुलांत लठ्ठपणाचें प्रमाण जगांत १९९० सालीं शेंकडा २ होतें, तें २०२२ सालीं शेंकडा ८, म्हणजे सुमारें सोळा कोटि मुलें, इतकें झालें. बत्तीस वर्षांत मनुष्यजातीचें रक्त बदलत नाहीं. बदललें तें भोंवतालचें जग.

हें बदललेलें जग प्रत्येक घरांत पाहतां येतें. लहान मुलाला किती खावें याची उपजत जाण असते. २००० सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील विद्यापीठांत एक साधा प्रयोग झाला. मुलांना एकाच पदार्थाचे लहान, मध्यम व मोठे वाढप वेगवेगळ्या दिवशीं देण्यांत आले. तीन वर्षांच्या मुलांनीं वाढप कितीहि मोठें असलें तरी सारखेंच खाल्लें. पांच वर्षांचीं मुलें मात्र वाढप मोठें झालें तसतशीं अधिक खाऊं लागलीं. दोन वर्षांच्या अवधींत पोटाचा निर्णय पानाकडे गेला. ‘पानांत टाकूं नये’ हा आपल्याकडील दंडक अन्नाच्या आदरापोटीं आलेला आहे व तो मोडावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्याला दुसरा अर्धा दंडक जोडलेला असे: मुलानें स्वतः मागावें आणि थोडें मागावें. मोठ्यांनीं भरपूर वाढावयाचें आणि मुलानें तें संपवावयाचें, ही त्या दंडकाची फसवणूक आहे. टी. व्ही. समोर किंवा मोबाइलवर डोळे खिळले असतां भरविलेल्या घासांची तर पोटाला गणतीच राहत नाहीं.

दुसरी गोष्ट पेयांची. बाटलींतील गोड थंड पेय ३०० मिलिलिटर घेतलें तर त्यांत सुमारें ३० ग्रॅम, म्हणजे चहाचे सात-आठ चमचे, साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं घातलेली मर्यादा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याची आहे, आणि तीहि निम्म्यावर आणल्यास बरी असें म्हटलें आहे. दिवसाला १६०० उष्मांक लागणाऱ्या मुलाला दहावा हिस्सा म्हणजे ४० ग्रॅम. एका बाटलींत त्यांतला तीन-चतुर्थांश संपला; चहा, बिस्किटें, जॅम, केचप यांतली साखर अजून मोजावयाची आहे. घन अन्नानें जशी पुढची भूक मंदावते तशी पेयांतील साखरेनें मंदावत नाहीं, हा त्यांचा खरा दोष. खोक्यांतला फळांचा रसहि या बाबतींत सोंवळा नाहीं. फळ चावून खाल्लें तर गोष्ट निराळी.

झोंपेचा संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोंप लागते. ती कमी पडली म्हणजे दुसऱ्या दिवशीं भूक, विशेषतः गोडाची व तळणाची, वाढते. रात्रीं अकरापर्यंत दिवा, सकाळीं सहाला शाळेची गाडी, मधल्या सुटींत कँटीन, शाळेनंतर शिकवणी, आणि इमारतीखालीं जेथें मुलें लगोऱ्या खेळत तेथें उभ्या असलेल्या मोटारी: या दिनक्रमांत मुलानें दिवसाला एक तास घाम येईतों खेळावें, ही वैद्यांची अपेक्षा कोठें बसवावी, हा प्रश्न मुलाला विचारण्यांत अर्थ नाहीं. तें वेळापत्रक त्यानें केलेलें नाहीं.

लठ्ठपणा कोणाच्या घरीं अधिक, याचें उत्तर देशपरत्वें वेगळें आहे. इंग्लंडांत २००६ पासून सरकारी शाळांतील चार-पांच वर्षांच्या व दहा-अकरा वर्षांच्या मुलांचीं मापें दरवर्षीं घेतात. लहान गटांत सुमारें दहांत एक, मोठ्या गटांत पांचांत एकाहून अधिक मूल लठ्ठ आढळतें, आणि गरीब वस्त्यांत हें प्रमाण श्रीमंत वस्त्यांच्या दुपटीहून अधिक असतें. आपल्याकडे अद्याप उलट आहे. २०१६ ते २०१८ या काळांतील राष्ट्रीय पोषण पाहणींत पांच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४ व दहा ते एकोणीस वर्षांच्यांपैकीं शेंकडा ५ अधिक वजनाचीं आढळलीं, तर पांच वर्षांखालील शेंकडा ३५ मुलांची वाढ खुंटलेली होती. अधिक वजनाचीं मुलें मुख्यतः शहरांत व सुस्थितींतल्या घरांत आहेत. म्हणून राष्ट्रीय सरासरी पाहून अशा घरांनीं समाधान मानणें व्यर्थ आहे.

अपाय काय, तर तो दिसण्याच्या फार आधीं सुरू होतो. पूर्वीं जो मधुमेह चाळिशीनंतरचा समजला जाई, तो आतां शाळकरी वयांतहि आढळतो. यकृतांत मेद सांचतो, रक्तदाब चढतो. एक खूण मात्र आईच्या हातांत रोज येते. कित्येक जाड मुलांच्या मानेवर, काखेंत कातडी काळवंडून मखमलीसारखी जाड होते. घरांत तिला मळ समजतात; आंघोळींत वजरीनें घांसतात, मुलाला अस्वच्छ म्हणून बोल लावतात. तो मळ नव्हे. रक्तांत इन्शुलिन प्रमाणाबाहेर वाढल्याची ती खूण आहे, आणि अशा मुलाची रक्ततपासणी करून घ्यावी.

राहिला उपाय. मुलाला उपाशी ठेवणें, मोठ्यांचे पथ्याचे तक्ते लावणें, भावंडांसमोर त्याच्या ताटांतून काढून घेणें, ‘ढोल्या’ म्हणून हांक मारणें, यांपैकीं कशानेंहि तें बारीक होत नाहीं. तें चोरून खाऊं लागतें व खेळांतून अंग काढून घेतें. इंग्लंडांत मापांचा निकाल मुलाला न सांगतां पालकांना पत्रानें कळविण्याची प्रथा आहे, ती शहाणपणाची म्हटली पाहिजे. बदल करावयाचा तो साऱ्या घरानें: बाटल्या घरांत न आणणें, ताटें लहान घेणें, जेवतांना पडदा बंद, रात्रीं दिवा लवकर. एकट्या मुलासाठीं वेगळा नियम करूं नये.

शिवाय वाढत्या मुलाला एक सवलत आहे, जी मोठ्यांना कधींच मिळत नाहीं. त्याची उंची वाढत असते. त्याचें वजन उतरविण्याची बहुधा गरजच पडत नाहीं. चढण्याचा वेग रोखला तरी पुरतें. तो १२८ सेंटिमीटरचा, ३६ किलोंचा मुलगा घ्यावा. दोन वर्षांत तो १४० सेंटिमीटर झाला आणि या अवधींत त्याचें वजन केवळ दोन किलोंनीं वाढून ३८ झालें, तर त्याचा अंक १९.४ होतो. बाराव्या वर्षीं अधिक वजनाची रेषा १९.९ वर असते. एक किलोहि न उतरवितां तो मुलगा तिच्याखालीं आला.